औंढ्याचा कातळ आणि ‘शैलेय’ शब्दाचा अर्थनिर्णय

मावळ तालुक्यांत लोणावळ्याजवळ औंढे हें गांव आहे. तेथील, किंबहुना साऱ्या मावळांतील, काळ्या कातळावर करड्या रंगाचे जे पापुद्रे दिसतात, त्यांच्याच वर्गांतील एक सुवासिक द्रव्य आपल्या गोड्या मसाल्यांत पडतें. त्यास आपण दगडफूल म्हणतों. स्वयंपाकघरांत या नांवाविषयीं कोणासही शंका नसते. ती उत्पन्न होते पोथी वाचतांना.

अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत कालानुसार्य, वृद्ध, अश्मपुष्प, शीतशिव व शैलेय हे पर्याय एकत्र दिले आहेत. अश्मपुष्प म्हणजे अक्षरशः दगडाचें फूल. परंतु त्याच कोशाच्या वैश्यवर्गांत शीतशिव हें सैंधवाचें व अश्मज हें शिलाजतूचें नांव आहे. पुढील कोशांत खुद्द शैलेय शब्दही शिलाजित व सैंधव या अर्थीं दिलेला आढळतो. तात्पर्य, मसाला, औषध आणि मीठ अशा तीन भिन्न वस्तु एकाच नांवाखालीं आल्या. अशा स्थळीं घाईनें अर्थ केल्यास पाककृतींत शिलाजित शिरावयाचें!

आमच्या मतें निर्णय शेजारच्या शब्दांवरून करावा. वेलची, तमालपत्र, नागकेशर यांच्या रांगेंत शैलेय आलें तर तें दगडफूल समजावें. लवणांच्या यादींत शीतशिव आलें तर सैंधव. रघुनाथ गणेश नवहस्त याच्या ‘भोजनकुतूहल’ ग्रंथासारख्या पोथ्या वाचतांना ही कसोटी विशेष उपयोगीं पडेल. या ग्रंथाचा काळ परशुराम कृष्ण गोडे यांनीं इ. स. १६७५ ते १७०० असा ठरविला असून तो १९५६ सालीं त्रिवेंद्रम येथें छापून निघाला. त्यांत संस्कृताबरोबर देशी नांवेंही येतात, हा मोठाच लाभ होय.

मात्र नांवावर सर्वस्वी विसंबूंही नये. दगडफूल झाडांच्या सालीवरही वाढतें, आणि बाजारांतील माल बहुधा अनेक जातींच्या मिश्रणाचा असतो. तें फूल तर नव्हेच. बुरशी व शैवाल यांच्या सहवासानें तें बनतें, असें श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानें १८६७ सालीं प्रतिपादिलें. अमरानें त्यास खनिजांत न घालतां वनौषधींत घातलें, यावरून तें सजीव आहे ही जाण आपल्याकडे जुनीच दिसते.

ज्यांच्या संग्रहीं वैद्यकाचे अगर पाकशास्त्राचे सुटे बंद असतील, त्यांनीं शैलेय शब्द आढळल्यास त्याच्या मागचें व पुढचें द्रव्य अवश्य टिपून ठेवावें, आणि पाठ अपरिचित वाटला म्हणून तो बदलूं नये, एवढीच विनंति.