वृद्धांची वहिवाट

गडहिंग्लज पेट्यातील जुन्या पिढीच्या तोंडी ‘फिरायला जाणे’ हा शब्दप्रयोग क्वचितच असे. सत्तरी उलटलेला शेतकरीही रोज दोन-तीन कोस सहज तुडवी. परंतु तो शेताला जाई, कचेरीला जाई, बाजाराला जाई, काळभैरीच्या दर्शनाला डोंगर चढे. निव्वळ चालण्यासाठी चालणे त्याला रिकामटेकडेपणाचे लक्षण वाटले असते, आणि जेवणानंतरची शतपावली ही तर जेवून वर वेळही उरणाऱ्यांची चैन होती.

या चालण्याला कारभाराने कसे वळण दिले, हे पाहावयाचे तर जवळच्या सामानगडाकडे वळावे लागते. गडाची राखण हीच ज्यांची पिढीजात चाकरी आणि त्या चाकरीपोटी गडाखालच्या जमिनींची वहिवाट हाच ज्यांचा निर्वाह, त्या गडकऱ्यांचे आयुष्य चढउतारातच सरे. म्हातारपण आले म्हणून गड काही ठेंगणा होत नसे. इंग्रजांनी कोल्हापूर दरबारात नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांनी या जमिनींचा कारभार गडकऱ्यांच्या हातून काढून मामलेदारांच्या हाती दिला, तेव्हा १८४४ साली सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बंडाची झळ सावंतवाडीपर्यंत पोहोचली. त्याच वर्षी सामानगड इंग्रजी फौजेच्या हाती पडला आणि पुढे त्याची तटबंदी मोडण्यात आली. सत्ता गडावरून उतरून सपाटीवरच्या दफ्तरात बसली, आणि सारा, फेरफार, तगाई यांसाठी रयतेचे पाय गडाऐवजी तालुक्याच्या गावाकडे वळले. इतिहासकार बंडाचा विचार करतात. त्या बंडाने बदललेल्या पायवाटांचा विचार सहसा कोणी करीत नाही.

दुसरी वाट व्यापाराची. संकेश्वरावरून गडहिंग्लज, आजरा आणि आंबोलीचा घाट असा कोकणात उतरणारा हा मार्ग. या वाटेने मिरची-गुळाच्या गाड्या जात, आणि चढावर बैलांचा भार हलका करण्यासाठी गाडीवान, मग तो कितीही वयस्क असो, खाली उतरून जूजवळ चाले. तिसरी वाट देवाची: मार्गशीर्ष व माघ पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माची, चैत्रात जोतिबाची, आषाढात पंढरीची. माउलींच्या पालखीचे अश्व आजही शेजारच्या चिकोडी तालुक्यातील अंकलीहून आळंदीपर्यंत पायी नेले जातात. स्त्रियांच्या वाटेला मात्र यात्रेखेरीज नदी, विहीर आणि शेत एवढीच पायपीट आली, आणि तिची गणती कोणी केली नाही.

एस. टी. आली, नळ आले, हायस्कुले निघाली. आणि पेन्शन घेणारा मास्तर-कारकुनांचा वर्ग उदयास आला, तेव्हा कारणावाचून चालणे प्रथमच प्रतिष्ठित झाले. फुटबॉलवेड्या या गावात हातात काठी, कानाला मफलर अशी मंडळी मैदानाच्या कडेने फेऱ्या घालू लागली. दहा हजार पावलांचा जो आकडा आज सर्वतोमुखी आहे, तो मुळात १९६५ साली जपानात विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातला. वैद्यकाचा त्याला आधार नव्हता. अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिवसाला सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचे प्रमाण घटलेले दिसले, आणि साडेसात हजारांपुढे अधिक लाभ आढळला नाही. एवढी पावले तर आमच्या आजीने न्याहारीपूर्वीच घातली असती.

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी गाठलेल्यांना एस. टी.चा प्रवास विनामूल्य झाला. ही सवलत मी दोषास्पद मानीत नाही. थांब्यापर्यंत तरी चालावेच लागते. दोष असलाच तर तो घरच्यांच्या प्रेमाचा. दूध, भाजी, देवाची फुले ही कामे वृद्धांकडून काढून घेऊन वर त्यांना पार्कात फेऱ्या घालावयास सांगणे हा उफराटा न्याय आहे. वाचकहो, पिशवी त्यांच्याच हाती राहू द्या, आणि नगरपरिषदेने बाजाराच्या वाटेवर बसावयास चार बाके ठेवावीत.