काबूलमधला कोरडा हौद

खेळातून समाज कसा बदलतो हे सांगताना आपण बहुधा मोठ्या मैदानांकडे बघतो. आज मात्र काबूलमधल्या एका कोरड्या हौदाकडे बघू या.

मकरोयान ही सोव्हिएत काळात उभी राहिलेली सदनिकांची वसाहत. तिथल्या एका कारंज्यात पाणी नव्हतं, नुसतं सिमेंट उरलं होतं. 2007 साली ऑलिव्हर पर्कोविच हा ऑस्ट्रेलियन तरुण काबूलला आला, येताना सोबत स्केटबोर्ड घेऊन आला. तो खेळायला लागला तशी पोरं जमली. पोरांच्या मागोमाग पोरीही आल्या, बोर्डावर उभ्या राहिल्या. इथे आपल्याला जरा थांबायला हवं.

कारण याच शहरात मुलीनं सायकल चालवणं अशोभनीय मानलं जाई. मग स्केटबोर्ड कसा चालला? उत्तर सोपं आहे. सायकल सगळ्यांच्या ओळखीची होती, तेव्हा तिच्यावर कोणी बसायचं आणि कोणी नाही हे ठरलेलं होतं. चाकं लावलेली ही फळी मात्र कुणी पाहिलेलीच नव्हती. मनाई करायला ती वस्तू आधी ठाऊक तरी हवी ना! म्हणजे बघा, रूढीशी समोरासमोर भांडण झालंच नाही. रूढीचं लक्ष नव्हतं, तेवढ्यात मुली आत शिरल्या.

पण ही फट लहान मुलींपुरतीच होती. मुलगी मोठी व्हायला लागली की चारचौघांत खेळणं बंद. उघड्यावरच्या कारंज्यावर हा प्रश्न सुटणारा नव्हता. अफगाण ऑलिम्पिक समितीनं जमीन दिली, परदेशी वकिलातींनी पैसा दिला आणि ऑक्टोबर 2009 मध्ये ‘स्केटिस्तान’ची छप्पर असलेली शाळा सुरू झाली. मुलींचे दिवस वेगळे, शिकवायला बायका आणि ने-आण करायला गाडी. आमच्या मते या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कुठली, तर ही गाडी. मुलगी रस्त्यानं एकटी येणार नाही, एवढी खात्री पटली की आईबापांचा अर्धा विरोध मावळतो. वर्तमानपत्रांत मात्र फोटो यायचा तो ओढणी घेतलेल्या, बोर्डावरून उडी मारणाऱ्या मुलीचा. त्यात गाडी कधी दिसली नाही.

खेळाला जोडून वर्ग होता. रस्त्यावर किरकोळ वस्तू विकणारी, शाळा सुटलेली किंवा कधी न पाहिलेली मुलं बोर्डाच्या ओढीनं यायची. त्यांच्यासाठी प्राथमिक इयत्तांचा अभ्यास थोड्या काळात उरकून सरकारी शाळेत दाखल करण्याचा वर्ग चालवला गेला. हीच कल्पना 2015 साली आपल्याकडे, मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात दिसते. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी तिथे स्केटपार्क उभारला आणि नियम दोनच केले: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. आदिवासी आणि यादव मुलं एकाच सिमेंटवर आली. तिथे आड येणारी भिंत जातीचीही होती, पण युक्ती तीच.

या कामावर टीका करणं सोपं आहे. परदेशी पैसा, परदेशी फौजांच्या सावलीतलं शहर. ती सावली किती तोकडी होती, ते सप्टेंबर 2012 मध्ये दिसलं. काबूलमधल्या नाटोच्या मुख्यालयाबाहेर आत्मघाती हल्ला झाला, त्यात रस्त्यावर वस्तू विकणारी मुलं गेली. काही जण स्केटिस्तानचीच होती. तरीही शाळा सुरू राहिली, हे टीकाकारांनी ध्यानात घ्यायला हवं.

2020 साली या काबूलच्या मुलींवरच्या लघु-माहितीपटाला ऑस्कर मिळालं. पुढच्या वर्षी जुलैमध्ये टोकियोत स्केटबोर्डिंग पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये आलं, आणि मुलींच्या स्ट्रीट प्रकारात 13 वर्षांच्या जपानी मुलीनं सुवर्णपदक जिंकलं. त्यानंतर महिनासुद्धा झाला नाही, तोच 15 ऑगस्ट 2021 ला तालिबान काबूलमध्ये शिरले.

आता फळी अनोळखी असण्याचा काही उपयोग नव्हता. नव्या राजवटीला खेळाचं नाव ठाऊक असायची गरजच पडली नाही, कारण बंदी वस्तूवर नव्हती, मुलीच्या घराबाहेर असण्यावर होती. सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये काबूलमधल्या बागा आणि व्यायामशाळांची दारंही बायकांना बंद झाली. बोर्डाच्या निमित्तानं ज्या मुली सरकारी शाळेपर्यंत पोचल्या होत्या, त्यांच्यातल्या मोठ्या मुलींसाठी आता ती शाळाच उरली नव्हती.