मारतहळ्ळीतला उपग्रह आणि मद्रासची आठ मुले

30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उपग्रह झेपावला. त्याची जुळणी आणि चाचण्या बंगळुरूच्या मारतहळ्ळी भागातील इस्रोच्या केंद्रात झाल्या होत्या. 12 मीटर व्यासाचा अँटेना, दोन तरंगलांब्यांवर चालणारे रडार, जमीन काही सेंटीमीटर खचली तरी ते टिपण्याची क्षमता, हे सारे बातम्यांत आले. या विदेचा अर्थ लावणारी माणसे कोठे घडतात, हा प्रश्न मात्र मागे राहिला. बंगळुरूपुरता तरी तो सव्वादोनशे वर्षांचा जुना आहे.

1800 च्या अखेरीस विल्यम लॅम्बटनने याच शहराजवळ सुमारे 7.4 मैलांची आधाररेषा मोजली. साधन म्हणजे 100 फुटी पोलादी साखळी. उन्हाने पोलाद लांबते, म्हणून तापमान नोंदवून मोजमापात दुरुस्ती करावी लागे. 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ अशीच दुसरी रेषा मोजण्यास प्रारंभ झाला आणि तिच्यापासून त्रिकोणांची मालिका पश्चिमेकडे सरकत पुन्हा बंगळूरपर्यंत पोहोचली. 1804 मध्ये येथे पडताळ्याची रेषा मोजली गेली. त्रिकोणांच्या गणिताने काढलेली तिची लांबी आणि साखळीने मोजलेली लांबी यांत चार इंचांहूनही कमी फरक निघाला! आज जे काम उपग्रह सेंटीमीटरांत करतो, त्याच्या किती जवळ ती माणसे पायी जाऊन पोहोचली होती, हे ध्यानात घ्यावे.

ती माणसे कोण? इतिहासात नाव राहिले ते लॅम्बटनचे. पण कोन वाचणे, वह्या भरणे, आकडेमोड तपासणे यांचा मोठा भार अशा साहाय्यकांवर होता, ज्यांनी कोणत्याही विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते. 1794 मध्ये मायकेल टॉपिंगने मद्रासच्या वेधशाळेत सर्वेक्षण शाळा काढली. पहिल्या तुकडीत आठ मुले होती, तीही अनाथाश्रमातील; बहुतेकांचे वडील युरोपीय आणि आई भारतीय. कंपनीला त्यांची कणव आली होती असे मुळीच नाही. इंग्लंडहून आणलेले साहाय्यक महाग पडत, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता. तरीही शिक्षण खरे होते. या शाळेत शिकलेला जोशुआ डी पेनिंग दोन दशके लॅम्बटनबरोबर राहिला आणि पुढे कलकत्त्याच्या गणना कार्यालयाचा प्रमुख झाला. त्याच कार्यालयात त्याच्यानंतर राधानाथ सिकदार यांचा काळ आला. खुद्द ती शाळा कालांतराने गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाली.

थोड्या काळाचे, प्रत्यक्ष कामाशी बांधलेले आणि सामान्य घरातील मुलांना परवडणारे शिक्षण म्हणजे आजच्या भाषेत सामुदायिक महाविद्यालय. अमेरिकेत 2008 पासून राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या साहाय्याने दोन वर्षांच्या महाविद्यालयांत भूस्थानिक तंत्रज्ञानाचे शिक्षण बळकट करण्यात आले. आपल्याकडे पुदुच्चेरीत 1995 मध्ये पहिले सामुदायिक महाविद्यालय सुरू झाले आणि 2013 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी योजना आणली. पण अशा अभ्यासक्रमांकडे ‘पदवी न जमलेल्यांची सोय’ म्हणून पाहण्याची सवय आपल्याला जडली आहे. भूमापनाचा इतिहास ठाऊक असता, तर ती जडली नसती असे मला वाटते.

पूर्वीची अडचण निराळी होती. दीर्घकाळ नकाशे शासनाच्या कुलपात होते. 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीयांसाठी ते कुलूप बरेचसे उघडले. निसारची विदा खुली आहे आणि ती पाहण्यास लागणारी क्यूजीआयएस ही संगणकप्रणालीही विनामूल्य मिळते. उरते ती शिकवणाऱ्याची आणि चार महिने मन लावून बसण्याची गोष्ट.

लॅम्बटन 1823 च्या जानेवारीत, हैदराबादहून नागपूरकडे जाताना, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. विदर्भातील एखाद्या महाविद्यालयाने हा अभ्यासक्रम काढलाच, तर जीपीएस हाती देऊन पहिल्या दिवशी मुलांना तेथे न्यावे आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवून घ्यावेत.