ड्रॉपशिपिंग: माल न साठवता ऑनलाइन विक्री कशी करावी, नोंदणी, कर्ज आणि काळजी

घरातून, कमी भांडवलात ऑनलाइन विक्री सुरू करू इच्छिणारे बचत गटांचे सदस्य, गृहिणी, युवक आणि छोटे दुकानदार यांच्यासाठी ही माहिती आहे.

ड्रॉपशिपिंग म्हणजे काय?

या पद्धतीत विक्रेता माल आधी विकत घेऊन ठेवत नाही. तो वस्तूचे फोटो व किंमत ऑनलाइन दाखवतो. ऑर्डर आली की ती पुरवठादाराला कळवतो आणि पुरवठादार माल थेट ग्राहकाच्या पत्त्यावर पाठवतो. ग्राहकाने दिलेली किंमत आणि पुरवठादाराचा दर यातील फरकातून खर्च वजा जाऊन उरेल ती विक्रेत्याची कमाई.

माल तुमच्या घरात येत नसला तरी ग्राहकासाठी विक्रेते तुम्हीच असता. वस्तू खराब निघाली तर "पुरवठादाराला विचारा" असे सांगून जबाबदारी टळत नाही.

सुरुवातीला हिशोब करा

उदाहरणादाखल एक कुर्ती घ्या. विक्री किंमत ५०० रुपये, पुरवठादाराचा दर ३२० रुपये, पाठवणी ७० रुपये, जाहिरात खर्च प्रत्येक ऑर्डरमागे ५० रुपये आणि परत आलेल्या पार्सलचा परतीचा खर्च ६० रुपये.

- १० पैकी १० पार्सल स्वीकारली गेली: ६०० रुपये नफा
- १० पैकी ८ स्वीकारली गेली: १२० रुपये नफा
- १० पैकी ७ स्वीकारली गेली: १२० रुपये तोटा

पुरवठादार परत आलेला माल पूर्ण किमतीला घेतो, असे धरून हा हिशोब केला आहे. तो घेत नसेल तर तोटा आणखी वाढेल. कॅश ऑन डिलिव्हरीमध्ये पार्सल नाकारले जाण्याची शक्यता जास्त असते. म्हणून पार्सल पाठवण्यापूर्वी ग्राहकाला फोन करून पत्ता व ऑर्डर पक्की करून घ्या.

पुरवठादार कसा निवडावा?

- आधी एक-दोन नमुने स्वतःच्या पत्त्यावर मागवा. कापड, माप, पॅकिंग आणि लागलेले दिवस तपासा.
- पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर मोफत तपासता येतो. नाव व पत्ता जुळतो का ते पाहा.
- खराब माल किती दिवसांत व कोणाच्या खर्चाने परत घेणार, हे लेखी घ्या.
- प्रत्येक खरेदीचे बिल घ्या.

परदेशी पुरवठादाराकडून माल मागवल्यास सीमाशुल्क लागू शकते आणि डिलिव्हरीला उशीर होतो. सुरुवात देशातील, शक्यतो आपल्याच राज्यातील पुरवठादारापासून करावी.

जीएसटी नोंदणी कधी आवश्यक आहे?

- महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, गुजरात आणि मध्य प्रदेश येथे वस्तूंच्या विक्रीसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा ४० लाख रुपये आहे. तेलंगणात ती २० लाख रुपये आहे.
- करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यातील ग्राहकाला विकत असाल तर उलाढाल कमी असली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी आवश्यक आहे.
- ऑनलाइन बाजारपेठेवरून फक्त आपल्या राज्यात विक्री करणाऱ्या, मर्यादेखालील उलाढालीच्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीतून सूट आहे. मात्र पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

उलाढाल म्हणजे नफा नव्हे. ग्राहकाला लावलेली पूर्ण किंमत उलाढालीत मोजली जाते.

इतर नियम

- ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष, बनावट किंवा जाहिरातीत दाखवल्यापेक्षा वेगळी वस्तू परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.
- तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि निवारण एका महिन्यात करावे.
- स्वतः ग्राहक असल्याचे भासवून आपल्याच वस्तूला चांगला अभिप्राय लिहिता येत नाही.
- पॅकबंद वस्तूची एमआरपी, निव्वळ वजन किंवा नग, उत्पादकाचे नाव आणि उत्पत्तीचा देश विक्रीच्या पानावर दाखवावा. एमआरपीपेक्षा जास्त किंमत घेता येत नाही.
- खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआय नोंदणी किंवा परवाना लागतो. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असल्याची खात्री करा.

कोणत्या योजनांचा लाभ घेता येतो?

*उद्यम नोंदणी:* ही नोंदणी ऑनलाइन, पूर्णपणे मोफत आहे. आधार व पॅन लागते. किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून नोंदणी करता येते, पण त्यांना लाभ केवळ प्राधान्य क्षेत्र कर्जापुरता मिळतो.

*प्रधानमंत्री मुद्रा योजना:* व्यापारासाठी विनातारण कर्ज मिळते. शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत, किशोर गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत. अर्ज थेट बँक शाखेत किंवा जनसमर्थ पोर्टलवर करता येतो. मुद्रा कर्ज हे अनुदान नाही, व्याजासह परत करावे लागते. ड्रॉपशिपिंगमध्ये साठ्यासाठी पैसे लागत नसल्याने आधी थोड्या ऑर्डर पूर्ण करून पाहा, मगच गरजेपुरते कर्ज घ्या.

लागणारी कागदपत्रे

- आधार कार्ड, पॅन कार्ड
- बँक पासबुक
- पत्त्याचा पुरावा
- छायाचित्र
- पुरवठादाराचे दरपत्रक (कर्जासाठी)

फसवणुकीपासून सावध राहा

- "महिन्याला हमखास कमाई" सांगून हजारो रुपयांचा कोर्स किंवा तयार वेबसाइट विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. कोणत्याही व्यापारात नफ्याची हमी नसते.
- कर्ज मंजूर करून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्या दलालापासून दूर राहा.
- आपल्या आधार-पॅनवर दुसऱ्याला जीएसटी नोंदणी करू देऊ नका, बँक खाते वापरायला देऊ नका. पुढील कर व पोलीस चौकशी तुमच्या नावावर येते.
- पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*जीएसटी क्रमांक घेतला तर पीएम-किसानचा हप्ता बंद होतो का?*
केवळ जीएसटी नोंदणीमुळे नाही. मात्र मागील कर निर्धारण वर्षात प्राप्तिकर भरलेल्या व्यक्तीचे कुटुंब या योजनेस अपात्र ठरते.

*अटल पेन्शन योजनेत सहभागी होता येईल का?*
१ ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकरदात्यांना या योजनेत नव्याने सहभागी होता येत नाही. प्राप्तिकरदाते नसाल आणि वय १८ ते ४० वर्षे असेल तर सहभागी होता येते.

*रेशन कार्डावर परिणाम होईल का?*
उत्पन्नाचे निकष राज्यानुसार वेगवेगळे आहेत. आपल्या तालुक्याच्या पुरवठा कार्यालयात विचारणा करावी. नफ्याचा हिशोब वहीत लिहून ठेवल्यास खरे उत्पन्न दाखवणे सोपे जाते.

*ग्राहकाने माल परत केला, पण पुरवठादार पैसे देत नाही. काय करावे?*
ग्राहकाचे पैसे आधी परत करा. पुरवठादाराशी झालेला लेखी व्यवहार, बिल व फोटो जपून ठेवा आणि त्या आधारे मागणी करा.

मदत क्रमांक

- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५
- ऑनलाइन आर्थिक फसवणूक: १९३० (फसवणूक लक्षात येताच कॉल करावा)