आधी कुंपण, मग पेरणी

आमच्या जालन्याची ओळख बियाण्यांची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे ‘महिको’ स्थापन केली. तिच्या बीटी कपाशीला २००२ साली सरकारची परवानगी मिळाली. परंतु जनुके बदललेल्या जिवांविषयीचे नियम १९८९ सालीच झाले होते! पेरणीआधी कुंपण तयार होते. तरीही २००१ साली गुजरातेत विनापरवाना बीटी कपाशी शेतांत उभी सापडलीच.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे तर उलटेच झाले. चॅटजीपीटी २०२२ साली लोकांच्या हाती आले. युरोपचा कायदा संमत झाला २०२४ मध्ये. मला वाटते, नुसता कायदा पुरणार नाही. बियाण्याची आधी चाचणीच्या शेतात पारख होते, तशी या यंत्राचीही व्हावी, आणि कुंपणाशी जागता राखणदार असावा. वाऱ्यावर गेलेले बी पुन्हा मुठीत येत नाही.