चालत्या वस्तूला कोण ढकलते?

न्यूटनचा गतिविषयक पहिला नियम शाळेतल्या मुलांना तोंडपाठ असतो. बाहेरून बल लागले नाही तर स्थिर वस्तू स्थिरच राहते आणि चालती वस्तू सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने चालतच राहते. वाक्य सुटसुटीत आहे, परीक्षेत हमखास गुण देणारे आहे. पण हा नियम घडाघडा म्हणून दाखवणाऱ्याला लगेच दुसरा एक प्रश्न विचारून बघा. एक चेंडू सरळ वर फेकला. तो हातातून सुटला आहे आणि अजून वरच चालला आहे. या क्षणी त्याच्यावर कोणकोणती बले काम करीत आहेत? हवेचा किरकोळ अडथळा सोडून द्या.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वर्गातसुद्धा मला बहुधा उत्तर मिळते ते असे : बले दोन. एक खाली ओढणारे गुरुत्वाकर्षणाचे आणि दुसरे वर नेणारे, 'हाताचे'. आता हात तर केव्हाच खाली राहिला! मग त्याचे बल चेंडूला चिकटून वर गेले कसे?

हे उत्तर चूक आहे, परंतु हसण्यावारी नेण्यासारखे मुळीच नाही. जगातले मोठमोठे बुद्धिमंत सुमारे दोन हजार वर्षे याच उत्तराच्या आसपास घोटाळत होते. ते तिथे का अडले आणि त्यांची सुटका कशी झाली, ही हकीगत समजली तर पहिला नियम निराळा पाठ करावा लागत नाही, असे मला वाटते.

सुरुवात ग्रीसमध्ये, अॅरिस्टॉटलपासून करू. त्याचा काळ इसवी सनापूर्वी ३८४ ते ३२२. दगड खाली पडतो, ज्वाला वर जाते. ही त्याच्या मते नैसर्गिक गती. बाकीची सारी गती लादलेली, आणि लादलेल्या गतीला ढकलणारा कोणीतरी सतत हवा. बैल ओढतात तोवर गाडी चालते. बैल थांबले की गाडी थांबते. यात खोटे काय आहे? आपला रोजचा अनुभव अक्षरशः हाच आहे. अॅरिस्टॉटलने नुसते डोळ्यांना दिसले तेच नीट मांडले.

अडचण आली ती बाणाची. धनुष्याची दोरी मागे राहते आणि बाण पुढे जातो. मग त्याला ढकलतो कोण? अॅरिस्टॉटल म्हणाला, हवा. दोरीने ढवळलेली हवाच बाणाला पुढे रेटत नेते. हे उत्तर पुढच्या लोकांच्या पचनी पडेना. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनस याने त्याला उघड विरोध केला. हवाच जर बाण नेत असेल तर दोरी कशाला हवी? बाण नुसता ठेवून मागून जोराने हवा घाला! त्याच्या मते फेकणारा हा फेकलेल्या वस्तूतच काही शक्ती भरून देतो.

आपल्या वैशेषिक दर्शनातही याच्या जवळ जाणारा विचार आहे. दोरीच्या रेट्याने बाणात पहिली हालचाल होते. त्या हालचालीतून 'वेग' नावाचा संस्कार बाणात निर्माण होतो. तो बाणाला पुढे नेतो, आणि तो संपला की गुरुत्वामुळे बाण खाली येतो. वैशेषिकांनी संस्काराचे जे तीन प्रकार मानले त्यांतल्या दुसऱ्या एकाचे नाव 'स्थितिस्थापक'. रबर ताणून सोडले की पूर्वस्थितीला येते, त्या गुणाला आपण आज पदार्थविज्ञानात स्थितिस्थापकता म्हणतो, तो शब्द त्याच घराण्यातला.

चौदाव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात ब्युरिदान याने हा धागा आणखी पुढे नेला. हवेविरुद्ध त्याने मोठी मार्मिक उदाहरणे दिली. भोवरा जागच्या जागी फिरतो. त्याच्या मागे हवा येणार कुठून? भाल्याचे मागचे टोकही पुढच्यासारखे अणकुचीदार केले तर हवेला रेटायला जागा उरत नाही, तरी भाला मंदावत नाही. ब्युरिदान म्हणाला, वस्तूत जो जोर भरला जातो तो आपणहून विरत नाही. हवेचा अडथळा आणि वस्तूचे वजन त्याला खाऊन टाकतात. श्रोतेहो, आमचा विद्यार्थी ज्याला 'हाताचे बल' म्हणतो, ते थोड्याफार फरकाने हेच बरं का!

पण एक गाठ अजून तशीच होती. गती आहे म्हणजे तिला आतून अगर बाहेरून चालवणारे काहीतरी हवेच, हे सर्वांनी गृहीत धरले होते. ती गाठ सैल केली गॅलिलिओने.

गॅलिलिओचा जन्म १५६४ चा. पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून त्याने गोळे टाकल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे, पण ती त्याच्या शिष्याने मागाहून सांगितलेली. तिच्यावर भार टाकू नये. त्याचा खरा प्रयोग उताराचा. सुमारे बारा हात लांबीची लाकडी तुळई, तिला सरळ, गुळगुळीत खोबण, खोबणीत चर्मपत्राचे अस्तर आणि त्यातून घरंगळणारी काशाची गोळी. घड्याळ? एका मोठ्या भांड्याला बारीक नळी लावायची, गोळी चालली असताना पडलेले पाणी पेल्यात धरायचे आणि तोलायचे. पाण्याचे वजन म्हणजे वेळेचे माप! सरळ खाली पडणारी वस्तू या घड्याळाच्या हाती लागली नसती, म्हणून त्याने उताराने पडणेच संथ केले. वेळ दुप्पट तर अंतर चौपट, वेळ तिप्पट तर अंतर नऊपट, हा नियम त्याला मिळाला. म्हणजे उतारावर वेग एकसारखा वाढत जातो.

आता पुढचे पाऊल पाहा. उतारावर गोळीचा वेग वाढतो, चढावर कमी होतो. मग जिथे उतारही नाही आणि चढही नाही अशा सपाटीवर काय होईल? वाढण्याला कारण नाही, घटण्यालाही नाही. तेव्हा वेग आहे तसाच राहील. प्रत्यक्षात गोळी थांबते ती घर्षणामुळे. कॅरमच्या बोर्डावर बोरिक पावडर टाकली की तोच स्ट्रायकर तेवढ्याच टिचकीने किती लांब जातो, हे मुलांना सांगायला नको. पावडर काही स्ट्रायकरला ढकलत नाही. ती अडवणाऱ्याला दूर करते. अॅरिस्टॉटलच्या गाडीचे बैल बहुतांशी काय करीत होते, तर या घर्षणाची भरपाई!

या विचारात केवढे मोठे काही पणाला लागले होते! पृथ्वी फिरत असेल तर वर फेकलेला दगड मागे का पडत नाही, हा कोपर्निकसच्या विरोधकांचा हुकमी सवाल होता. गॅलिलिओने १६३२ च्या आपल्या संवादरूप ग्रंथात उत्तर दिले : संथ चाललेल्या जहाजाच्या बंद खोलीत बसा. टांगलेल्या भांड्यातले थेंब सरळ खालीच पडतात, फुलपाखरे सगळीकडे सारखीच उडतात; जहाज चालले आहे की थांबले आहे हे कळतच नाही. या ग्रंथापायी १६३३ साली त्याच्यावर खटला झाला आणि उरलेले आयुष्य त्याला नजरकैदेत काढावे लागले. गतिशास्त्रावरचा त्याचा ग्रंथ १६३८ साली छापला गेला तो दूर हॉलंडमध्ये, लायडन येथे. तिकडे १६४० मध्ये गासेंदी याने मार्सेयच्या समुद्रात चालत्या गलबताच्या डोलकाठीवरून दगड टाकून पाहिला. तो डोलकाठीच्या पायथ्याशीच पडला.

गॅलिलिओच्या 'सपाटी'ला मात्र पृथ्वीचा गोलावा होता. गती आपणहून टिकते ती सरळ रेषेतच, हे देकार्तने १६४४ मध्ये स्पष्ट लिहिले. न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त तोच पहिला नियम केला आणि दुसऱ्या नियमाने बलाची खरी जागा दाखवली : बलाचे नाते गतीतल्या बदलाशी आहे. वेग वाढला, घटला किंवा दिशा वळली, तर बल शोधा. चंद्र पृथ्वीभोवती वळतो, म्हणून त्याला वळवणारे बल हवे. त्याला पुढे ढकलणारे कोणी नको. गंमत अशी की खुद्द न्यूटननेही जडत्वाला पदार्थातले 'अंगभूत बल' असे म्हटले आहे. जुनी सवय शब्दांतून सहजी जात नाही!

अमेरिकेने १९७७ साली सोडलेले 'व्हॉयेजर-१' हे यान आज सूर्यमालेतल्या सर्व ग्रहांच्या पलीकडे सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे, आणि त्याला पुढे ढकलणारे इंजिन चालू नाही. बाणाच्या कोड्याचे यापेक्षा स्वच्छ उत्तर कोणते?

आता आपल्या चेंडूकडे वळू. समजा, हातातून सुटताना त्याचा वेग सेकंदाला २० मीटर होता. गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला त्यातले साधारण १० मीटर काढून घेते. एका सेकंदाने वेग १०, दोन सेकंदांनी शून्य, तिसऱ्या सेकंदाच्या अखेरीस पुन्हा १०, पण खालच्या दिशेला. वर जाताना, शेंड्यावर क्षणभर थबकताना आणि खाली येताना, तिन्ही वेळी बल एकच आणि तेवढेच. हाताने चेंडूला वेग दिला आणि त्याचे काम तिथेच संपले. यापुढे कुठलीही चालती वस्तू पाहिली की 'हिला कोण ढकलते?' असे विचारू नका. 'हिची गती बदलते आहे का, आणि बदलत असेल तर कोणामुळे?' असे विचारा. एवढा प्रश्न बदलायला माणसाला दोन हजार वर्षे लागली. विद्यार्थ्याला त्यासाठी आठ-पंधरा दिवस लागले, तर शिक्षकाने उतावीळ होऊ नये.