झिजलेल्या चेहऱ्याची नक्कल

अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. मंदिर शिलाहारांच्या काळातले, दगड काळा बसाल्ट, आणि शेजारून वाहणाऱ्या वालधुनीला तेव्हा कोणी नाला म्हणत नसावे. १८६८ साली सरकारने मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टमधली एक तुकडी तिथल्याच टेरी यांच्या देखरेखीखाली इथे पाठवली. मोजमापे घ्यायची, रेखाटने करायची आणि मूर्तिकामाचे साचे काढायचे, असे काम होते. आठशे वर्षांच्या उन्हापावसाने तोवर कितीतरी मूर्तींचे नाक, बोटे, दागिन्यांची कड नेली होती. साचा काढणाऱ्यापुढे निवड नसते, जे झिजले ते झिजलेलेच साच्यात उतरते. हातात पेन्सिल असलेल्यापुढे मात्र असते. नाक पुरे करावे की गेलेले तसेच दाखवावे? घरच्या माणसांची चित्रे काढणाऱ्यालाही नेमका हाच प्रश्न पडतो, फक्त तिथे समोर दगडाऐवजी आई किंवा आजोबा बसलेले असतात. माझे म्हणणे असे, की माणसांचे वाढणे आणि खंगणे रंगवायचे तर दिवाणखान्यातल्या भारदस्त तैलचित्रापेक्षा झिजलेल्याची नक्कल करण्याची ही दुसरी रीत आपल्या जास्त कामाची आहे. आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात त्या रीतीला अ‍ॅक्रिलिकइतके जुळणारे माध्यम नाही. अ‍ॅक्रिलिक म्हणजे तैलरंग न परवडणाऱ्याची सोय, हा समज त्यासाठी आधी बाजूला ठेवावा लागेल.

स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून सुरू झाले. तिथल्या शिक्षणात या दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदत होत्या, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. तिथे शिकलेल्या पेस्तनजी बोमनजी यांचे नाव पारशी घरांतल्या माणसांच्या चित्रांसाठी घेतले जाते. पण त्याआधी त्यांनी तिथलेच शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यात वर्षे घालवली. १८७२ ते १८८५ असे हे काम चालले. पोपडे सुटलेल्या, धुराने काळवंडलेल्या भिंतीसमोर बसून, जिथे चेहरा अर्धाच उरला आहे तिथे अर्धाच काढायचा, ही त्यांची तालीम. (त्या नकलांपैकी बऱ्याच लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५च्या आगीत जळाल्या. मूळ चित्रे नकलांपेक्षा जास्त टिकली.) पुढे व्यक्तिचित्राचा जो धंदा मुंबईत वाढला, त्याने मात्र ही तालीम विसरायला लावली. गिऱ्हाइकाला हवा असे पूर्वज. पगडी, उपरणे, खुर्चीच्या हातावर टेकलेले मनगट. आणि पुष्कळदा माणूस गेल्यावर फोटोवरून काढलेले. तैलरंग सावकाश वाळतो, त्यामुळे गालाची छाया कपाळाच्या उजेडात अलगद मिसळता येते, सुरकुती दिसतेही आणि बोचतही नाही. म्हातारपण आलेच तर ते मान म्हणून येई, क्षीणता म्हणून नव्हे. थोडक्यात, नाक पुरे केले जाई.

चित्रकार गिऱ्हाइकाला सोडून स्वतःच्या घरात बसला की फरक पडे. अँटोनियो त्रिंदाद यांनी आपल्या पत्नीचे ‘फ्लोरा’ हे चित्र काढले आणि १९२० साली त्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. सा. ल. हळदणकरांनी हातातल्या दिव्याला आडोसा करून उभी असलेली आपली मुलगी जलरंगात काढली. हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे आणि लोक अजूनही ते रविवर्म्याचे समजतात. चित्रातल्या त्या मुलीने प्रत्यक्षात शंभरी ओलांडली. २०१८ साली त्या गेल्या. चित्र त्या आयुष्यातली एकच संध्याकाळ धरून बसले. हळदणकरांचा यात काही दोष नाही, ती संध्याकाळ अप्रतिम आहे. पण जिव्हाळ्याचे चित्रही एकाच वयाला बांधलेले राहते, हे त्यातून उघड होते. वाढ आणि झीज रंगवायची तर एकाच कॅनव्हासवर अनेक वये मावावी लागतात, आणि आधीचे वय नंतरच्याखालून थोडे दिसत राहावे लागते.

आता या पट्ट्याकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेली जवळजवळ लाखभर माणसे राहू लागली, आणि ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीचा उल्हासनगर म्हणून पाया घातला. कॅम्प नंबर एक ते पाच ही विभागणी लोकांच्या तोंडी आजही आहे. सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी बांधलेल्या बराकीत कुटुंबे वसली, मग बराकीला पडवी, पडवीवर माळा, माळ्याच्या जागी मजले. वाड्यातल्या चित्रात माणूस बदलतो आणि मागची भिंत स्थिर असते. पणजोबा गेले तरी तुळई तीच. इथे उलटे झाले. १९९०च्या दशकात घाईने बांधलेल्या इमारती पंचवीस-तीस वर्षांत मोडकळीला आल्या. मे २०२१मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. मधल्या काळात अनधिकृत बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयात इतका पेटला, की २००६ साली राज्याला या एका शहरासाठी स्वतंत्र नियमितीकरणाचा कायदा करावा लागला. नात घर घेण्याच्या वयाची होईपर्यंत आजीचे घर ‘धोकादायक’ ठरते. बदलापुरात वाढीचा वेग दिसतो: २००१ला लाखाच्या आत असलेली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २०११ला पावणेदोन लाखांच्या घरात गेली. अशा ठिकाणी माणूस खंगतो आणि घर टिकते, हा तैलचित्राचा हिशेब लागू पडत नाही. पार्श्वभूमीचेही वय रंगवावे लागते.

हे ज्याने ओळखले असे एक नाव जवळच, ठाण्यात आहे. सुधीर पटवर्धन पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि १९७५पासून तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. दिवसा शरीराच्या आतली झीज पाहायची आणि उरलेल्या वेळी चित्र काढायचे. त्यांचे २००१चे एक चित्र ‘उल्हासनगर’ याच नावाचे आहे. या गावाचे नाव कोणी मोठ्या चित्राला द्यावे, हीच तेव्हा नवलाची गोष्ट होती. पुढे २०१०च्या सुमारास ‘फॅमिली फिक्शन’ या नावाखाली त्यांनी घरातली माणसे, खोल्या, नात्यांतले ताण रंगवले. शहराचे चित्रण आणि कुटुंबाचे चित्रण हे त्यांच्या कामाचे दोन टप्पे मानण्याची पद्धत आहे. मला ते एकच काम वाटते. उपनगरातली वस्ती ज्या नजरेने पाहिली, त्याच नजरेने नंतर खोलीतला माणूस पाहिला: काय उभे आहे, काय वाकले आहे, कशाला टेकू दिला आहे.

आता माध्यमाकडे. अ‍ॅक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि त्यात मिसळलेले रंगद्रव्य. पाणी उडाले की कण एकमेकांना चिकटून पापुद्रा बनतो, आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. चित्रकारांसाठी पाण्यात मिसळणारा हा रंग अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आला. त्याच सुमारास आपल्या या पट्ट्यात रसायनांचे युग पसरत होते. धरमसी मोरारजीचा आम्ल आणि खतांचा कारखाना आणि विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आधीपासून होते, त्यांत शहाडचे सेंच्युरी रेयॉन आले, मग अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहती. पण याहून जवळचा पुरावा घराच्या भिंतीवर आहे. लग्न ठरले की घराला जो ‘प्लास्टिक पेंट’ काढतात, तो याच जातीचा रंग. ओल आली, पोपडे निघाले, खरवडून पुट्टी भरली, वर दोन हात मारले. पुढच्या लग्नाला पुन्हा तेच. म्हणजे झिजेवर वाढीचा थर देण्याची अ‍ॅक्रिलिकची पद्धत इथल्या घरांना चित्रकारांच्या आधीपासून पाठ आहे. पोर्ट्रेटमध्ये ती वापरताना चित्रकार एवढाच बदल करतो, की खालचा थर पूर्ण झाकत नाही. तासाभरात वाळलेल्या तरुण चेहऱ्यावर पातळ करड्या रंगाचा वॉश द्यायचा, पाच वर्षांनी पुन्हा बैठक घ्यायची आणि नव्या थराला काही ठिकाणी सँडपेपरने घासून जुना गाल उघडा करायचा. तैलरंगात हे होत नाही असे नाही. पण तिथे खालचा थर पुरता वाळायला महिने लागतात, आणि घाई केली तर वर तडे जातात.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीच्या कामातून निघतो. अ‍ॅक्रिलिकला प्रतिष्ठा देणाऱ्यांत त्याचे नाव पहिल्या रांगेत आहे. १९७०-७१चे क्लार्क दांपत्याचे प्रसिद्ध चित्र अ‍ॅक्रिलिकमध्येच आहे. पण १९७७ साली स्वतःचे म्हातारे आईवडील रंगवताना त्याने तैलरंग घेतला. ज्याला हे माध्यम हातच्या मळासारखे अवगत, त्यानेच वार्धक्यासाठी ते टाकले, मग आपण कोण? उदाहरण खरे आहे, निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. हॉकनीला एका बैठकीतले मऊपण हवे होते: समोर आई टक लावून बसली आहे, वडील पुस्तकात वाकले आहेत, आणि ते तसे आज आहेत. हे वर्तमानाचे चित्र आहे, आणि त्याला सावकाश वाळणारा रंगच हवा. वीस वर्षांचा काळ दाखवायचा असता तर गणित बदलले असते.

दुसरा आक्षेप बारीक आहे. अ‍ॅक्रिलिक पिवळे पडत नाही, त्याला जुन्या तैलचित्रासारखे तडे जात नाहीत. जो रंग स्वतः म्हातारा होत नाही तो झीज काय दाखवणार? इथे आधी हे म्हटले पाहिजे, की तैलचित्राचे तडे आपण उगाच भाव म्हणून वाचतो. ते वॉर्निश आणि जवसाच्या तेलाचे वय आहे, माणसाचे नव्हे. शिवाय अ‍ॅक्रिलिक म्हातारे होत नाही हेही अर्धेच खरे. उष्णतेने त्याचा पापुद्रा मऊ होतो, आणि उन्हाळ्यात चाळिशी पार करणाऱ्या बदलापुरात तो हवेतली धूळ धरून ठेवतो. धूळ वर बसत नाही, आत रुतते, आणि पुसून सहजी निघत नाही. पावसाळ्यातल्या ओलीत त्यावर बुरशीही धरते. म्हणजे चित्र गावाची हवा पिते. संग्रहालयाच्या दृष्टीने ही डोकेदुखी आहे. कुटुंबाच्या इतिहासाच्या दृष्टीने तो पुरावा आहे.

राहिला फोटो. मोबाईलमध्ये हजारो असताना रंग कशाला, असे कोणीही विचारेल. फोटोंमध्ये वये शेजारी शेजारी असतात, एकात दुसरे नसते. कोणते वय झाकायचे आणि कोणते उघडे ठेवायचे, हा निर्णय अल्बम घेत नाही. तो घरातल्या कोणीतरी घ्यावा लागतो, आणि त्यावरून भांडणेही होतात. वडिलांच्या आजारपणाचा थर ठेवायचा की नाही, यावर भावंडांचे एकमत होणे कठीण.

एक व्यवहाराची गोष्ट मात्र अशी चित्रे काढणाऱ्यांनी सोडू नये. वन बीएचकेत मोठा कॅनव्हास भिंतीवर राहत नाही, घर रिकामे करायची वेळ आली की तो गुंडाळावा लागतो. अ‍ॅक्रिलिक लवचिक असल्याने ते जमते; फक्त थंडीतल्या पहाटे हे काम करू नये आणि रंगाची बाजू बाहेर ठेवावी. गुंडाळण्याआधी मागच्या बाजूला प्रत्येक थराची तारीख, कोण किती वर्षांचे होते आणि मागे दिसणारी भिंत कोणत्या पत्त्यावरची, हे पेन्सिलीने लिहून ठेवावे. परवानगीशिवाय बांधलेल्या इमारतींचे नेमके वय सरकारी कागदांवरून सांगणे अवघड जाते. मजला कधी चढला आणि भिंतीला पहिली ओल कधी दिसली, हे असल्या चित्रामागच्या नोंदींवरून सांगता येईल.